वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं: गरिबांची वकिली शिकायची कुठे?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की नाशिकमधून दरवर्षी एवढी मुलं कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडतात, पण रिमांडच्या वेळी आरोपीमागे कुणी नसलं तर उठून उभं राहणारं त्यांत एखादंच असतं. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. काही विद्यार्थ्यांची, काही पालकांची, एक प्राध्यापकांचं आणि दोन-तीन चक्क रागावलेली. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. नावं छापायची नाहीत, हा या सदराचा नियम आहेच.

प्रश्न: मी गंगापूर रोडवरच्या विधी महाविद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांत) बक्षिसं मिळाली आहेत. मला जनहित याचिका लढवणारी वकील व्हायचं आहे. आमचे सर म्हणतात, सरळ मुंबईला उच्च न्यायालयात सिनिअर गाठ, जिल्हा न्यायालयात वेळ घालवू नकोस. आपलं मत?

मुंबईला जा, पण आधी दोन-तीन वर्षं सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा कोर्टात काढ. सरांचा मान राखूनच सांगते, या एका बाबतीत त्यांचं ऐकू नकोस.

हुसैनारा खातूनचा निकाल तू पाठ केला असशील. साल १९७९. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना खितपत पडलेल्या कैद्यांच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या आणि वकील कपिला हिंगोरानी ते प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महाराष्ट्रातला शीला बरसे यांचा १९८३ चा निकालही वाचला असशील. मुंबईच्या पोलीस कोठडीत स्त्रियांना मारहाण होते असं पत्र या पत्रकार बाईंनी लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. परीक्षेत आपण 'लोकस स्टँडायचा (दाद मागायचा हक्क कुणाला, याचा) नियम शिथिल झाला' असं लिहून दहा गुण घेतो. पण कोर्टापुढे नेमकं काय गेलं तेही बघ. कोण आत आहे, कधीपासून आहे, कुठल्या कलमाखाली आहे आणि त्या कलमाला जास्तीत जास्त शिक्षा किती. गुन्हा शाबीत झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काही जण कच्चे कैदी म्हणून आत होते. हा हिशेब कुणीतरी कागदावर मांडला, म्हणून जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ ला धार आली.

आणखी एक उदाहरण आपल्या बाजूचं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक असतो, त्यावरचा दिवाणी दावा फारसा कुणाला ठाऊक नसतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या कोर्टात तो दाखल झाला. डॉ. आंबेडकर त्यात प्रतिवादी. २ मार्च १९३० ला इथे काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा तिकडे हा दावा चालूच होता. महाड, मग ठाणे, मग मुंबई उच्च न्यायालय, आणि अखेरचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. सनातनी वादी का हरले माहीत आहे? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकाळापासूनची आहे, हे त्यांना पुराव्याने शाबीत करता आलं नाही. एवढा मोठा प्रश्न अखेर साक्षीपुराव्यावर सुटला. असा साक्षीपुरावा कसा उभा करायचा आणि कसा पाडायचा, हे फक्त खालच्या कोर्टात शिकता येतं. मूट कोर्टात घटना आयत्या छापून मिळतात. खऱ्या पक्षकाराला स्वतःच्या मुलाची जन्मतारीखही नीट सांगता येत नाही.

तेव्हा सुरुवात अशी कर. रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बस. कुणाला वकील आहे, कुणाला नाही, आरोपीला काही विचारलं का, अटकेची कारणं लेखी दिली का, हे वहीत टिपून ठेव. एक जुनी फाईल घेऊन तिचा रोजनामा, म्हणजे तारखेतारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, पहिल्यापासून वाचून काढ. तारीख का पडली, समन्स का परत आलं, साक्षीदार हजर असून का तपासला नाही, हे रोजनामा जितकं स्पष्ट सांगतो तितकं कुठलंही पाठ्यपुस्तक सांगत नाही. नकलेसाठी अर्ज स्वतः करून बघ. शिरस्तेदारांशी आणि बेलिफांशी अदबीने बोलायला शीक. (यातल्या काही गोष्टींना कॉलेजात 'क्लिनिकल पेपर' म्हणतात आणि त्याच्या जर्नल्स मुलं एकमेकांच्या उतरवून काढतात, हे मला माहीत आहे. मी त्या तपासलेल्या आहेत.)

प्रश्न: माझं घर सुरगाणा तालुक्यात आहे, आम्ही कोकणा आदिवासी. कसत्या वनजमिनीवरचा वडिलांचा वनहक्क दावा 'पुरावा अपुरा' म्हणून अमान्य झाला. २०१८ च्या मोर्चात ते नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले होते. मी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. पुढे हेच काम करायचं आहे, पण कॉलेजात वनहक्क कायदा अर्ध्या तासात उरकला. तयारी कशी करू?

बाबांची फाईल काढ. हा विषय शिकायला त्याहून चांगलं पुस्तक मिळणार नाही.

मोर्चाने सरकारला टेबलावर आणलं, ते सोपं नव्हतं. पण मोर्चा हजारोंचा असला तरी दावा एकेकाचा असतो आणि त्याची फाईलही एकेकाची. 'पुरावा अपुरा' हा शेरा बहुतेक नामंजूर दाव्यांवर असतो. पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की कुठला पुरावा अपुरा आणि असं कोण म्हणालं? ग्रामसभा, प्रांतांची उपविभागीय समिती की जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती? दावा नाकारायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात आणि दावेदाराला कळवावं लागतं. बाबांना तसा कागद मिळाला नसेल तर माहिती अधिकारात माग. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. 'माझ्या वडिलांवरील अन्यायाबाबत' अशी सुरुवात करशील तर १५० शब्द तिथेच संपतील. दाव्याचा क्रमांक, गाव, कुठल्या समितीच्या कुठल्या बैठकीचं इतिवृत्त आणि निर्णयाची प्रत हवी, एवढंच लिही.

आता कायदा. २००६ चा अधिनियम, २००८ चे नियम आणि त्यांत २०१२ साली झालेली दुरुस्ती, तिन्ही शेजारी ठेवून वाच. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा असतो. तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास इतर पारंपरिक वननिवासींना दाखवावा लागतो, तुम्हाला नाही. हा घोळ मी कार्यालयांत आणि वकिलांच्या तोंडूनही ऐकला आहे. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यांतले निदान दोन पुरावे हवेत. शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, मतदार यादी हे आलंच. पण शेतातला दगडी बांध, विहीर, जुनं घर हाही पुरावा आहे. दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांनी दिलेला, लिहून घेतलेला जबाबही पुरावा आहे. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही, एवढ्यावरही दावा फेटाळता येत नाही. ते चित्र इतर पुराव्याच्या जोडीला घ्यायचं असतं, त्याच्या जागी नाही.

घरच्या पेटीत वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या आहेत का बघ. अतिक्रमण केलं म्हणून २००५ च्या आधी दंड झाला असेल, तर तुझे बाबा तेव्हा त्या जमिनीवर होते हे वनखात्यानेच लिहून दिलेलं आहे. माणसं लाजेने या पावत्या लपवतात. वकिलाने त्या मागून घ्यायच्या असतात.

वडीलधाऱ्यांच्या जबाबावर थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळा दावा त्यावर उभा राहतो किंवा पडतो. बहुतेक फायलींत एकच टाइप केलेला मजकूर असतो, 'सदर जमीन अर्जदाराचे पूर्वापार ताबेवहिवाटीत आहे', आणि खाली वेगवेगळे अंगठे. असे वीस जबाब असले तरी कुणी वाचत नाही. एका म्हातारीचा जबाब मी एका फाईलमध्ये वाचला होता, तो असा: लग्न होऊन ती त्या पाड्यावर आली तेव्हा याचा बाप वरच्या अंगाला नागली नि वरई लावायचा, खालच्या तुकड्यात भात. राब भाजायला पाला कुठल्या बाजूने आणायचे, बांध फुटला त्या पावसाळ्यात तो कुणी कुणी मिळून पुन्हा घातला, शेजारच्या तुकड्यात तेव्हा कोण होतं, आज त्याचा कोण आहे. लिहून घेणाऱ्याने तिचे शब्द तसेच ठेवले होते. त्यात कायद्याचं एक कलम नव्हतं, पण त्या बांधाजवळ पंचनाम्याला जाऊन उभं राहिलं की सगळं जुळत होतं. असं लिहून घ्यायला तुझ्याएवढा योग्य माणूस नाशिकच्या कुठल्या चेंबरमध्ये मिळणार? तुझी बोली तीच आहे. आजी तुझ्याशी बोलेल, माझ्याशी बोलताना ती पदर सावरते आणि 'होय मॅडम' म्हणते.

उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जायला ६० दिवस असतात. अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावरही अपील करता येतं. २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय समिती आली, म्हणजे आपल्याला नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे जायचं. यातल्या कशालाच वकिलीची सनद लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःच्या पाड्यावरच्या फेटाळलेल्या सगळ्या दाव्यांचा एक तक्ता कर. कुणाचा कुठल्या पायरीवर अडला, लेखी कारण मिळालं का, मुदत उरली का. तो तक्ता घेऊन माझ्याकडे ये. चहा माझ्याकडून.

प्रश्न: आम्ही सिडकोत राहतो. मी कंपनीतून निवृत्त झालो. मुलगी यंदा एलएल.बी. होईल. ती म्हणते, मी गरिबांच्याच केसेस चालवणार. तिचं कौतुक आहे, पण पोट कसं भरणार? तुम्ही स्पष्ट सांगा.

स्पष्टच सांगते. पहिली तीन वर्षं कुठल्याही वकिलाला ओढाताणीची जातात, मग तो गरिबांचा असो की बिल्डरांचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की सिनिअरने ज्युनिअरला शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत. ती शिफारस आहे, सक्ती नाही. नाशिकमध्ये किती ज्युनिअरना एवढे पैसे मिळतात, हे मुलीला बार रूममध्ये दोघी-तिघींना विचारायला सांगा.

एक वाट मात्र आमच्या वेळी नव्हती, ती आता आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीत आता लोकअभिरक्षक कार्यालय असतं. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून ही कार्यालयं आली. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे फौजदारी खटले तिथले वकील चालवतात आणि दरमहा ठरलेलं मानधन घेतात. नेमणूक करारावर असते आणि त्या काळात बाहेरच्या केसेस घेता येत नाहीत. सहायक लोकअभिरक्षकाची जागा तीन वर्षांपर्यंतच्या अनुभवाच्या वकिलांसाठी असते. दोन-तीन वर्षांत जितके जामीन अर्ज आणि उलटतपास तिथे हातून जातात, तितके चांगल्या चेंबरमध्येही जात नाहीत. शिवाय न्यायाधीशाची परीक्षा द्यायचं मनात आलं, तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. म्हणजे कोर्टात पाय रोवून उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी वाट मी स्वतः चालत आले. मोटार अपघात नुकसानभरपाई, कामगार न्यायालय, ग्राहक आयोग, पोटगी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कंत्राटी कामगार आणि हायवेवर नवरा गमावलेली बाई यांना वकील लागतो. ते फीही देतात, थोडी आणि उशिरा, पण देतात. या कामाला जनहित म्हणायचं की धंदा म्हणायचं, या वादात मी पडत नाही. घरभाडं त्यातून गेलं आणि पेठ-सुरगाण्याच्या फायली त्याच्याच जोरावर फुकट चालवल्या.

आणि सनदेसाठी कुणी हजारो रुपये मागितले तर मुलीला ३० जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवायला सांगा. नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. पंधरा-पंधरा हजार भरायची ऐपत नाही म्हणून सनद लांबवणारी मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न: माझं शिक्षण पूर्ण मराठीतून झालं. इंग्रजी कच्चं आहे. मग समाजासाठी वकिली करायचं स्वप्न सोडून द्यावं का?

नाही. तालुका आणि जिल्हा न्यायालयात मराठी चालते आणि मराठीत चांगला अर्ज लिहिणारे वकीलही दुर्मीळ झाले आहेत. इंग्रजी निकाल मात्र वाचता आलेच पाहिजेत. रोज एका निकालाची चार पानं, शब्दकोश घेऊन. इंग्रजी बोलणं मागाहून जमतं, काहींना जमतही नाही, तरी त्यांच्या केसेस उभ्या राहतात.

प्रश्न: मी जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयात शिकवतो. आमचं विधी सहाय्य केंद्र कागदावर आहे. वर्षातून एक शिबिर, बॅनर, पाहुण्यांचं भाषण, फोटो, अहवाल. विद्यार्थ्यांना खरोखर काही शिकवायचं तर काय करता येईल? हाताशी पैसे नाहीत.

सर, आपलं पत्र वाचून बरं वाटलं. अशा शिबिरांना पाहुणी म्हणून मीही गेले आहे. गावातली माणसं सतरंजीवर बसतात, आपण पोक्सोपासून (बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यापासून) ग्राहक संरक्षणापर्यंत सगळं तासाभरात सांगतो आणि शेवटी एखादे आजोबा उठून विचारतात, 'माझ्या फेरफाराचं काय?' तिथून पुढे खरं काम असतं आणि तोवर आपली गाडी सुरू झालेली असते.

माझ्या डोक्यात आहे ते सांगते. एक गाव आणि एकच विषय, तोही पूर्ण वर्षभर. फेरफार, नाही तर शिधापत्रिका, नाही तर आदिवासींच्या जमिनी. शेवटचा विषय आपल्या जिल्ह्यात कधी संपणारा नाही. महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आणि जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा एवढं घेऊन मुलं सातबारा आणि जुने फेरफार वाचायला बसली, तरी सहा महिने पुरेल. विद्यार्थ्यांना कोर्टात उभं राहता येत नाही, पण अर्ज लिहिता येतो, माणसाबरोबर तलाठ्याकडे जाता येतं, आवक शिक्का मारून पोच घेता येते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन विचारता येतं. हे 'पुन्हा जाऊन विचारणं' गुणांत धरा. अहवालाला गुण देऊ नका, फाईलला द्या. कसोटी एकच ठेवा: ही मुलं पदवी घेऊन गेली, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना ही फाईल वाचून काम जिथल्या तिथून उचलता येईल का?

दुसरं ठिकाण नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत परवानगी घेऊनच जायचं, परस्पर नाही. तिथे मुलांना शिकायला सगळ्यात मोठा विषय म्हणजे जामीन मिळूनही आत राहिलेली माणसं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर निर्देश दिलेले आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटला तर अटी शिथिल करायचा विचार न्यायालयाला स्वतःहून करता येतो. २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तिच्यातून मदत मिळू शकते. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं असतं. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित नसतील तर. अर्ज करायची जबाबदारी अधीक्षकांवर टाकलेली आहे. हे सगळं कागदावर आहे. कोण कुठल्या रकान्यात बसतो, हे शोधायला मात्र माणसं लागतात.

अंबडच्या एका कारखान्यात काम करणारा परप्रांतीय पोरगा तांब्याच्या तारेच्या चोरीत आत होता. १५ हजारांचा जामीन झालेला, पण स्थानिक जामीनदार नाही. ऐपतीचा दाखला कोण देणार, सातबारा कुणाचा लावणार? माझ्याकडे इंटर्नशिप करणारी विद्यार्थिनी त्याला भेटली. तिने आधी खटल्याचं काहीच विचारलं नाही. कुठे राहायचास, खोलीत आणखी कोण, मेस कुठली, मुकादम कोण, गावी फोन कुणाचा, हे विचारलं. मेसवाल्या बाईंना भेटली, खोलीमालकाकडून राहण्याचा पत्ता लिहून घेतला. मग तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज तिने तयार केला, मी सही करून चालवला. रोख रक्कम गावाहून भावाने पाठवली आणि जामीनदार आणायला कोर्टाने मुदत दिली. त्या अर्जात एकही निवाडा नव्हता. कोर्टाला हवं होतं ते एवढंच, की हा माणूस तारखेला सापडेल कुठे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप असतेच. त्यातले चार आठवडे अशा कामाला दिलेत तरी फरक पडेल, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

एक आग्रहाची विनंती. मदत मागायला आलेल्या माणसाचा फोटो काढू देऊ नका. स्वतःला होणाऱ्या मारझोडीबद्दल बोलायला आलेल्या बाईचा चेहरा कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो, हे मी पाहिलेलं आहे. पक्षकाराची गुप्तता पहिल्या दिवशी शिकवा. बॅनर छापायचे पैसे वाचतील, त्यांतून झेरॉक्स काढा.

प्रश्न: सिंहस्थाच्या कामांसाठी तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड चालवायच्या बातम्यांनी आम्ही विद्यार्थी अस्वस्थ झालो. सनद मिळाल्यावर अशा प्रश्नांवर थेट जनहित याचिका करावी असं आमच्या ग्रुपचं मत आहे. मार्गदर्शन करावं.

अस्वस्थ झालात हे चांगलं, पण याचिका हा पहिला कागद नसतो. उच्च न्यायालयाचे २०१० चे जनहित याचिका नियम आधी वाचा. याचिकाकर्त्याला स्वतःची सगळी माहिती द्यावी लागते, यात वैयक्तिक हितसंबंध नाही असं शपथेवर सांगावं लागतं आणि कोर्ट अनामत रक्कमही भरायला सांगू शकतं. मग न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही संबंधित अधिकाऱ्यांकडे गेला होतात का?' बातमीचं कात्रण हे त्याचं उत्तर होत नाही.

राष्ट्रीय हरित लवादाचं (पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाचं) पुण्याचं खंडपीठ जवळ, म्हणून अनेक जण तिकडे धावतात. तिथेही बघून पाऊल टाका. लवादाच्या कायद्याला जोडलेल्या सात कायद्यांत आपला १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा नाही. तिथे जायचं तर मुद्दा पर्यावरण संरक्षण कायदा किंवा वन संवर्धन कायद्याशी जोडून दाखवावा लागतो. शिवाय कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती फलक रंगवता रंगवता निघून जाते.

१९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्षतोडीची जाहीर नोटीस निघते, वर्तमानपत्रात आणि झाडावरही. हरकतीला साधारण सात दिवस मिळतात. ती नोटीस हा तुमचा पहिला कागद. ग्रुपमधल्या दोघांनी रोजच्या स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचायची जबाबदारी घ्या. बाकीच्यांनी जागेवर जाऊन प्रत्येक झाडाची नोंद करा: क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, फोटो, ठिकाण. ५० वर्षांहून जुनी झाडं वेगळी काढा, २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा विचार वेगळा होतो. इतक्या झाडांना मंजुरी कुणी द्यायची आणि ती त्यानेच दिली का, ते बघा. एकाच प्रस्तावाचे तुकडे पाडून आकडा खाली ठेवलेला नाही ना, हेही बघा. वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाला बरोबर न्या. पिंपळ आणि पिंपरण यात गोंधळ केलात तर सुनावणीत हसं होईल.

मग हरकत लिहा, दोन पानांची. झाडांची यादी जोडा, पर्यायी जागा सुचवता येत असेल तर नकाशासह सुचवा आणि सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करा. मुदतीच्या आत महापालिकेत नेऊन द्या, ई-मेलवर विसंबू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन या. पुढे कुठल्याही कोर्टात गेलात तरी याचिकेला लावायचा पहिला कागद तोच असेल.